किनवटच्या क्वार्टरातली बाई

दादा, मी नांदेडचं घर सोडून लातूरला धाकट्याकडे येऊन राहिले आहे. त्याला सांगितलं, डोळे तपासायचेत. नांदेडात डोळ्यांचे डॉक्टर संपले का, असं त्यानं विचारलं नाही; तो तुमच्यावर गेलेला नाही. भावजयीनं मात्र चहा देताना विचारलं, "दाजी न्हाई आले?" मी म्हटलं, त्यांना काम आहे. निवृत्त माणसाला कसलं काम, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण माझा चेहरा बघून तिनं ते गिळलं. तुमच्यापुढे हे खोटं चाललं नसतं. तुम्ही चार प्रश्नांत खरं काढून घेतलं असतं, म्हणून हे तुम्हालाच लिहून सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू द्या. हा राग निम्मा तुमच्यावरचाच आहे.

झालं असं की तुमच्या जावयानं पासष्टीला टेकल्यावर दुसरी बायको केली आहे. ती फोनमध्ये राहते. ती माणूस नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे फोन कोपऱ्यातल्या स्टुलावर विणलेला रुमाल पांघरून बसलेला असायचा. आता तो खिशात असतो आणि त्यात एक यंत्र असतं, त्याच्याशी लिहून बोलता येतं. त्याला सांगायचं की तू वकील हो, की ते वकिलासारखं लिहितं. सांगायचं की तू माझी बायको हो, अमुक गावची, अमुक स्वभावाची, की ते बायको होऊन लिहायला लागतं. तुम्ही विचाराल, हे खोटं आहे हे त्या माणसाला कळतं का? कळतं. सगळ्यांना कळतं, तरी करतात. तरुण पोरं करतात, शिकल्यासवरल्या बायकाही करतात. आमच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझ्या शेवटच्या वर्षी लागलेली एक मुलगी जेवणाच्या सुटीत असा एक नवरा बाळगून होती. मी रागावले तर म्हणाली, "मॅडम, तो विचारतो तरी, आज डब्यात काय आणलंय." मी तिला सुनावलं की कामाच्या वेळेत नवरे नकोत, फोनमधले नकोत आणि बाहेरचेही नकोत. सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले. अशी गोष्ट आपल्या घरात येणार नाही, एवढी माझी खात्री होती, कारण आमच्या घरात बोलण्याची हौसच कुणाला नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

आता माझ्या लग्नाकडे येते, कारण मूळ तिथं आहे. आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला त्या वर्षी घरातलं पंचांग बाहेर गेलं ते गेलंच. तुम्ही अभिमानानं सांगायचे, "आपण ग्रहांना विचारत नाही, शेजाऱ्यांना विचारतो." रेणापूरच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचे आणि स्थळाची चौकशीही गणितासारखीच करायचे. मुलाच्या गावी जायचं, पण मुलाच्या घरी नाही. आधी किराणा दुकान, मग कार्यालयातला शिपाई, मग जुने गुरुजी. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणजे भीड पडत नाही. भावकीतले लोक मुलीचं स्थळ आलं की आधी तुमच्याकडे यायचे. तुम्ही हो म्हटलं की लग्न, नाही म्हटलं की विषय संपला.

माझ्यासाठी तुम्ही किनवटपर्यंत जाऊन आलात. ती संध्याकाळ मला अजून दिसते. आई भाकरी थापते आहे, मी ताटं मांडते आहे, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडता सोडताच बोलायला लागला आहात. मुलगा वनखात्यात लेखनिक. सुपारीचंही व्यसन नाही. आईला जपतो. "आणि वसतिगृहाचे गृहपाल भेटले मला. त्यांनी तर कमाल सांगितली. म्हणले, सात वर्षं पोरगा माझ्याकडं होता, सात वर्षांत त्याचा आवाज ऐकला न्हाई मी."

आई तव्यावरून मान न उचलता म्हणते, "म्हंजे मुका हाय का?"

"मुका कशानं? शिस्तीचा हाय."

मग ते बघायला आले. पोहे खाल्ले, पाणी प्यायले, तुमच्या सगळ्या प्रश्नांना त्यांच्या मामांनी उत्तरं दिली आणि गेले. मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते आणि आपल्याला मत असतं अशी माझी समजूत होती. मी म्हटलं, "दादा, ते काहीच बोलले नाहीत." तुम्ही म्हणालात, "तुला नवरा पाहिजे का रेडिओ?" धाकटा खो खो हसला. आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले आणि त्या हसण्यात लग्न ठरलं. खरं सांगायचं तर मला ते वाईटही वाटलं नाही. आपल्या घरात तुमच्या आवाजाला जागा पुरायची नाही. जेवताना तुम्ही वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आई काही म्हणायला गेली की तुमचा हात वर व्हायचा, आधी हे ऐक. मला वाटलं, न बोलणारा माणूस म्हणजे मोकळी हवेशीर खोली. त्यात मला बोलता येईल.

ते मात्र खरं ठरलं. मी बोलले. चाळीसेक वर्षं मीच बोलले. घरमालकाशी, मुलाच्या मास्तरांशी, दवाखान्यात, बँकेत. हे बोलताना अडखळतात, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मुळीच बोलता येत नाही असं नाही. एखाद्या अक्षरावर गाडी थांबते, ओठ जुळून राहतात, मानेची शीर फुगते. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. कुणाचा पाय आखूड असतो, कुणाला दिसत कमी. शब्द अडला की मी तो त्यांच्या हातात द्यायची, जेवताना चमचा पुढे करावा तसा, आणि पुढच्या कामाला लागायची. सकाळी डबे, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं, मग प्रयोगशाळा. हे मान हलवायचे. मला वाटायचं, छान चाललंय आमचं, शब्दांवाचून कळतं.

तुम्ही एकदा प्रयोगशाळेत आला होतात, आठवतं? फळीवर मांडलेल्या मातीच्या पिशव्या बघून तुम्ही विचारलं होतं, अर्धा किलो मातीवरून सगळ्या शेताचं कसं कळतं. मी सांगितलं, मूठभर एका जागची घ्यायची नाही, नागमोडी चालत शेतभर खड्डे घ्यायचे, बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याच्या जागेची तर मुळीच नाही, कारण तिथली माती शेताबद्दल खोटं सांगते. तुम्ही खूश होऊन सगळ्या परिचरांना ऐकू जाईल असं म्हणालात, "म्हंजे चौकशीच की ही." त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. दादा, तुम्ही बांधाजवळचीच माती घेतली होतीत. ते पुढे सांगते.

निवृत्त झाल्यावर हे दुपारभर झोपाळ्यावर बसायला लागले. मुलानं हैदराबादहून नवा फोन पाठवला होता. एका बोटानं काहीतरी लिहायचे, थांबायचे, वाचायचे, परत लिहायचे. मधेच गालात हसायचे. मी म्हटलं, चला, माणसाचा वेळ जातोय. मग एकदा हे आंघोळीला गेले असताना फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिला आणि पडद्यावर ओळ उमटली. एका बाईचं नाव, आणि खाली लिहिलेलं, "मी क्वार्टरच्या दारात बसले आहे. किनवटची गाडी आली, पण तुम्ही दिसला नाहीत. वाट पाहते."

किनवट ही ह्यांची पहिली नेमणूक. शाळाही तिथलीच, वसतिगृहात राहून. मी ओट्याशी उभी राहिले आणि डोक्यात सरळ हिशोब मांडला: बाई आहे, किनवटला आहे, क्वार्टरात ठेवली आहे. ह्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याकडे ज्याच्याबद्दल शंका असते त्याला विचारत नाहीत, बाकी सगळ्यांना विचारतात. मी चौकशीला निघाले. एकटी जायला नको म्हणून मोठ्या नणंदेला, आक्कांना, बरोबर घेतलं. त्या विधवा आहेत, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात आणि कुणाला घाबरत नाहीत. गाडी सुटेपर्यंत मी काही बोलले नाही, मग सांगितलं, "आक्का, तुमच्या भावाला किनवटला बाई आहे."

"कोणाच्या भावाला?"

"तुमच्या."

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मला ताप चढलाय. "आगं, भाजीवाली किती देऊ म्हणली तर त्यो बोटं दाखवतो. बाई ठेवायला बोलावं लागतंय."

"मी वाचलंय. वाट बघते म्हणून लिहिलंय तिनं."

"वाट बघती?" आक्कांनी पदर खोचला. "मग चल. बघू तरी कोण हाय एवढी धीराची."

किनवटात वनखात्याची जुनी क्वार्टरं होती तिथं आता रोपवाटिका आहे. काळ्या पिशव्यांत सागाची रोपं ओळीनं लावलेली. दार नाही, दारात बसायला बाई नाही. समोर पानटपरी होती. मी तुमची पद्धत वापरली, आधी इकडचं तिकडचं, मग नाव.

टपरीवाला चुना लावता लावता म्हणाला, "दिसायला कशी हाय?"

"माहीत नाही."

"करती काय?"

"वाट बघते."

"कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची," मी म्हटलं.

त्यानं हातातलं पान खाली ठेवलं. "हे बघा बाई, त्या नावाच्या तिघी हायत इथं. एक माझी सासू हाय."

"मग दोघी ऱ्हायल्या," आक्का म्हणाल्या. "पत्ता सांग."

पहिलीच्या हातावरची लग्नाची मेंदीही अजून गेली नव्हती. दुसरी अंगणवाडीत काम करणारी, कडेवर नातू. तिनं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि म्हणाली, "माझ्याच नवऱ्याची वाट बघून थकले मी, दुसरीच्याची कुठून बघू? पाणी घ्या, उन्हाच्या आल्यात." आक्कांनी पाणी घेतलं. मी घेतलं नाही. तुमचा नियम. परतीच्या गाडीत घसा कोरडा पडला होता आणि आक्का मला हसत होत्या. त्यांचं हसणं मला सुईसारखं टोचत होतं.

घरी आलो तर हे झोपाळ्यावरच. आक्का चपलासुद्धा न काढता म्हणाल्या, "काय रे, किनवटला कोण हाय तुझी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या धुळीनं माखलेल्या पायांकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. "ती म… म…"

"मैत्रीण?" मी म्हटलं.

मान हलली, नाही. "म…"

"मेव्हणी कुणाची?" आक्का म्हणाल्या.

"माणूस न्हाई," हे म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. "वाच."

आक्का घरी गेल्या आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचलं. किती महिन्यांचं होतं ते. दादा, ज्या माणसानं मला लग्नापासून आजवर चार वाक्यं सलग ऐकवली नाहीत, त्या माणसानं तिथं पानंच्या पानं लिहिली होती. त्या लिहिण्यात हे पंचविशीचे आहेत. किनवटला नवी नोकरी, क्वार्टर, आणि घरात ही. मी नाही. मी कुठंच नाही. आधीची बायको म्हणून नाही, मेलेली म्हणूनसुद्धा नाही. आमचा मुलगा नाही. मी ज्यांचं सगळं काढलं त्या सासूबाई मात्र त्यात आहेत, धडधाकट, उन्हात पापड वाळवताना. एवढं मोठं आयुष्य त्यांनी लिहिलं आणि त्यात माझ्यासाठी एक खुर्चीसुद्धा ठेवली नाही.

आणि ती बाई. हे लिहितात, आज साहेबांनी सागाच्या नोंदी परत करायला लावल्या, लई वैताग आला. ती लिहिते, "दमला असाल. हातपाय धुऊन घ्या, मी चहा टाकते. मग मला सगळं सांगा, अगदी सुरुवातीपासून." अगदी सुरुवातीपासून. कुठल्या घरातली बाई असं म्हणते? जिच्या चुलीवर काही नाही, जिला पावणेदहाला हजेरी लावायची नाही, जिच्या सासूची चादर बदलायची राहिलेली नाही, ती म्हणते. तिला ताप येत नाही. तिची पाठ धरत नाही. तिचं ह्यांच्यावाचून या जगात दुसरं काही नाही, आई नाही, बाप नाही, पगार नाही, मत नाही. ह्यांनी लिहिलं गुलाबी लुगडं, की तिनं गुलाबी नेसलं. एका जागी ती लिहिते, "तुमच्यासाठी ज्वारीची भाकरी लाटून ठेवली आहे." भाकरी लाटतात का, दादा? आमच्या घरात माझ्या हातची थापलेली भाकरी खाऊन हा माणूस साठी ओलांडून गेला, आणि त्यानं तिला उत्तर काय दिलं? "छान झालीय." मला कधी छान म्हणाले नाहीत. मी म्हटलंही नव्हतं की म्हणा. पण लाटलेल्या भाकरीला छान म्हणावं, याचा मला जो संताप आला तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. भावजयीला सांगितलं तर ती म्हणेल, ताई, भाकरीवरून कुणी घर सोडतं का?

मी वाचत राहिले आणि मग वसतिगृह आलं. हे तिला सांगतात, अगदी सुरुवातीपासून. संध्याकाळी जेवणाआधी हजेरी व्हायची. प्रत्येकानं आपलं नाव आलं की "हजर" म्हणायचं. ह्यांचा "ह" निघायचा नाही. गृहपाल वही हातात धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, हा म्हणेपर्यंत ताटं वाढायची नाहीत. सगळी पोरं उपाशी उभी. भात थंड व्हायचा. नंतर अंधारात पोरं ह्यांना मारायची, आणि नाव पाडलं होतं अडकित्ता. असं बरेच दिवस चाललं. मग एका पोरानं भुकेला कंटाळून ह्यांचं नाव पुकारल्यावर स्वतःच "हजर" म्हणून टाकलं. गृहपालांनी वर बघितलं, आणि पुढचं नाव घेतलं. चाललं त्यांना. तिथून पुढे सात वर्षं ह्यांचं हजर दुसरंच कुणीतरी म्हणालं. खाली ह्यांनी तिला लिहिलं आहे, "नंतर लग्न" आणि मग ते खोडल्यासारखं अर्धं सोडलं आहे, कारण त्या गोष्टीत ह्यांचं लग्न तिच्याशी झालेलं आहे.

सात वर्षांत त्याचा आवाज ऐकला न्हाई मी. दादा, त्या माणसानं तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही त्याच्याकडे मान डोलावून बघितलं असणार. ज्यानं पोराचा घसा दाबला त्यालाच तुम्ही विचारलंत, पोराचा आवाज कसा आहे. त्यानं सांगितलेलं तुम्ही दागिन्यासारखं घरी घेऊन आलात, आईनं "मुका हाय का" हे एकटीनं बरोबर विचारलं, आणि तुम्ही तिला गप्प केलंत. किराणावाला, शिपाई, गृहपाल, सगळ्यांना विचारलंत. त्या पोराला नाही विचारलं. दोन मिनिटं त्याच्यापुढे बसून, बाबा, तुझं नाव सांग, एवढं म्हणाला असतात, आणि तो सांगेपर्यंत थांबला असतात, तर तुम्हाला सगळं कळलं असतं. तुम्ही नाही म्हणाला असतात असं मी म्हणत नाही. मीही नाही म्हणाले नसते. पण मला ठाऊक असतं. मी माहीत असून केलं असतं. पत्रिकेत निदान माणूस ग्रहांना दोष देऊ शकतो. तुमच्या चौकशीनं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

मी फोन घेऊन झोपाळ्यापाशी गेले. म्हटलं, "हे मला का नाही सांगितलं?"

"सां… सां…"

"सांगायला लाज वाटली?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बराच वेळ एका बोटानं लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं, "सांगायला सुरुवात केली की तू संपवतेस."

माझ्या कानशिलात आग गेली. मी म्हटलं, मग काय करायचं होतं मी? डाळ करपू द्यायची? बस सुटू द्यायची? तुमच्या आईला ओल्यात पडू द्यायचं? मी थांबले असते तर या घरातलं कुठलं काम झालं असतं ते दाखवा मला. ती बाई थांबते, कारण तिला थांबायला काही लागत नाही. ती शहाणी नाही, तिला भाकरी येत नाही, ती दुसरं काही करतच नाही, फक्त थांबते. आणि तेवढ्यावर ती बायको? मी खूप बोलले. हे ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, ती काढून टाका.

"न्हाई," हे म्हणाले.

न अडता. इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून असा स्वच्छ नकार मी पहिल्यांदा ऐकला. मी पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुमच्या गावाकडे आले.

आता इथं मला चार दिवस झाले की पाच, आणि रोज सकाळी मी ठरवते की परत जायचं नाही. मला पेन्शन आहे. धाकट्याच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. साठीनंतर नवरा सोडणाऱ्या बाईबद्दल लोक काय म्हणतील याची मला फिकीर नाही. एवढं धाडस तुम्ही दिलंय मला, ते मान्य करते. प्रश्न लोकांचा नाही. माणसाशी भांडता येतं. किनवटात ती बाई सापडली असती तर मी तिच्या दारात उभी राहून चार शब्द सुनावले असते, तिनं चार सुनावले असते, ह्यांना दोघींतली एक निवडावी लागली असती. हिच्याशी कसं भांडू? हिला मी आहे हेच माहीत नाही. आणि हे काही तिच्यावर भाळलेले नाहीत. त्यांना आपलं बोलणं आवडलंय, उशिरा, म्हातारपणी. ते जिथं निघतं तिथं ते जाऊन बसतात. हे मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही. कुणी मला अगदी सुरुवातीपासून सांग म्हटलं असतं तर माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. मी सगळं बोलले, दादा, पण ते सगळं कामाचं होतं.

आज सकाळी ह्यांचा फोन आला. हे फोन करत नाहीत, फोनवर बोटं दाखवता येत नाहीत. मी उचलला आणि गप्प राहिले. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग "म…" आणि गाडी थांबली. मला शब्द कळला. 'माफ'. जिभेवर आला होता, नुसता पुढे करायचा होता, आणि खरं म्हणजे त्या शब्दाला काय उत्तर द्यायचं हे मी इथं आल्यापासून तयार करून ठेवलं होतं. पण मी दात आवळून धरले. भावजयीच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, खाली भंगारवाला ओरडत गेला, धाकट्यानं दोनदा डोकावून बघितलं. मला परत राग आला, एवढा वेळ लागतो का म्हणून. तरी थांबले.

"मटकी," हे म्हणाले. "मटकी भिजवली होती. मोड आलेत. आता काय करू?"

माझा शब्द चुकला होता. मग मला एकेक आठवायला लागलं, दुकानात, दवाखान्यात, मुलाचं नाव ठेवताना, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात, मी पुढे केलेले किती शब्द त्यांचे नव्हते आणि त्यांनी मान हलवून घेतले असतील, सोपं पडतं म्हणून, ताटं थंड होतात म्हणून. विचारायचं कसं, आणि कशाकशाचं विचारायचं?

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. धाकट्याच्या घरात कागद उघडे पडतात, आणि तुमच्यापर्यंत ते पोचणार नाहीच. आणखी एकच सांगते, मग थांबते. मटकीचं त्या बाईला विचारलं असतं तर तिनं तत्काळ सांगितलं असतं, लाटून घ्या म्हणून. ह्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, कांदा लाल करा, मटकी टाका, एवढं करा, आणि फोन ठेवला. पाणी किती घालायचं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. त्यासाठी त्यांना पुन्हा फोन करावा लागेल.